बीएएमएसनंतर एमपीएच: जाहिरातीत नेमकं काय मागतात?

गारगोटी
बीएएमएसची इंटर्नशिप संपत आलीय. दवाखाना टाकायचा नाही, सार्वजनिक आरोग्यात जायचंय. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी), एमडी पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकातली एमडी) आणि एमएचए (रुग्णालय व्यवस्थापन) यांपैकी काय धरावं? जिल्हा पातळीवर कोणती पदं मिळू शकतात? आणि एमपीएचच्या दोन वर्षांत कशावर भर द्यावा? परदेशाचाही विचार आहे, पण घाई नाही.

निवडुंग
एक पर्याय आत्ताच खोडा. एमडी पीएसएमसाठी नीट-पीजी लागते आणि तिला एमबीबीएसच बसतात. तुम्हाला एआयएपीजीईटी या आयुषच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून एमडी स्वस्थवृत्त (आयुर्वेदातलं प्रतिबंधक आरोग्य) मिळू शकतं. विषय शेजारचा आहे, पण ती वाट मुख्यतः आयुर्वेद महाविद्यालयात शिकवण्याकडे जाते. एमएचए म्हणजे खाटा, बिलिंग, खरेदी, एनएबीएच या रुग्णालय-मानांकनाचे कागद. त्यात गोडी असेल तरच जा.

उरलं एमपीएच. कॉलेजांची माहितीपत्रकं नंतर बघा. आधी एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान), वेगवेगळ्या जिल्हा परिषदांनी काढलेल्या जुन्या जाहिराती उतरवून घ्या आणि फक्त 'शैक्षणिक अर्हता' हा रकाना वाचा. साथरोगतज्ज्ञासारख्या पदापुढे बहुधा 'वैद्यकीय पदवीधर, सोबत एमपीएच / एमएचए / एमबीए (आरोग्य)' अशी ओळ दिसेल. म्हणजे बीएएमएस अधिक एमपीएच चालतं. नुसतं बीएस्सी अधिक एमपीएच तिथे छाननीतच गळतं. उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठी मात्र एमपीएच लागतच नाही. तेवढंच हवं असेल तर दोन वर्षं आणि फी कशाला घालवता?

या नेमणुका कंत्राटी असतात. साधारण ११ महिन्यांचा आदेश, मग पुनर्नियुक्ती. छाननीत अर्ज बाद होतात ते ज्ञानावर नव्हे, कागदावर. एमसीआयएमची (आयुर्वेद डॉक्टरांची नोंदणी करणारी राज्य परिषद) नोंदणी नूतनीकरणाविना पडलेली असते, किंवा अनुभव प्रमाणपत्रावर पद, रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख यांपैकी एखादी गोष्ट नसते. अनुभव कधीपासून धरणार, पदवीनंतरचा की पदव्युत्तरनंतरचा, हेही जाहिरातीतच पाहा. दूरस्थ एमपीएच स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. 'नियमित' हा शब्द आला की अडकाल.

संस्था: मुंबईत देवनारला टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सामाजिक साथरोगशास्त्र आणि आरोग्य धोरण-अर्थशास्त्र अशा दोन वेगळ्या वाटा आहेत. तिथला प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवरून सुरू होतो, त्यामुळे निकालाची वाट बघत बसलात तर अर्जाची मुदत टळते. पुणे विद्यापीठातही एमपीएच आहे. तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र (श्रीचित्रा संस्थेचं) १९९७ पासून हा अभ्यासक्रम चालवतंय. लोकसंख्या आणि आकडेवारीकडे ओढा असेल तर देवनारचीच आयआयपीएस ही लोकसंख्या-अभ्यासाची संस्था बघा, पण ती एमपीएचची पर्यायी पदवी नाही.

रकाना
वरचं सगळं बरोबर. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो: साथरोगशास्त्र आणि जीवसांख्यिकी (आरोग्याच्या आकडेवारीचं शास्त्र). धोरणावर बोलणारे पुष्कळ मिळतात, आकडे नीट हाताळणारे कमी.

नमुना आकाराचंच, म्हणजे पाहणीत किती जण घ्यायचे याचंच घ्या. पहिलं चुकतं ते इथेच. ४पीक्यू भागिले एल-वर्ग (पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक) हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं: प्रमाण ५० टक्के, चूक ५ टक्के, उत्तर ४००. पण पाहणी समूह-नमुन्याने, म्हणजे गावागावांतून थोडी थोडी घरं घेऊन करणार असाल तर हे पुरत नाही. एकाच गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून डिझाइन इफेक्टने, म्हणजे या सारखेपणाची भरपाई करणाऱ्या आकड्याने गुणायचं. २ धरला तर ८००. मग १० टक्के घरं कुलूपबंद मिळतील असं धरून ०.९ने भागायचं, म्हणजे ८८९. बरेच जण इथे १० टक्के मिळवून ८८० लिहितात. फरक नऊचा, पण तोंडी परीक्षेत 'का?' विचारलं की घाम फुटतो.

सरावाला विकत काही घ्यायला नको. एनएफएचएस-५ची (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१) घरटी माहिती डीएचएस या आंतरराष्ट्रीय पाहणी-कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते. नोंदणी करून अभ्यासाचा हेतू थोडक्यात लिहावा लागतो. महिलांच्या फाइलमध्ये व्ही००५ हे भारांक-चलक (प्रत्येक उत्तराला किती वजन द्यायचं तो आकडा) आहे, ते १० लाखांनी भागून वापरायचं. एका राज्याचंच विश्लेषण असेल तर राज्याचा भारांक, एसव्ही००५. भारांक न लावता काढलेली टक्केवारी छापील अहवालाशी जुळत नाही, आणि माणूस दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतो. आर (आकडेवारीसाठी) आणि क्यूजीआयएस (नकाशांसाठी) ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. मोबाइलवर प्रश्नावली भरायच्या फॉर्मसाठी कोबो हे साधन शिका.

प्रबंधाचं एक: नैतिकता समितीची मंजुरी हातात येण्याआधी एकही प्रश्नावली भरू नका. मागाहून मंजुरी मिळत नाही, गोळा केलेलं सगळं वाया जातं. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, तेव्हा प्रस्ताव दुसऱ्या सत्रातच तयार ठेवा. मराठी संमतीपत्र लागतं, आणि ते इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेलं असलं की समिती परत पाठवते. योग्यच करते.

गारगोटी
धन्यवाद, अर्हतेचा रकाना आजच काढून बसतो. डिझाइन इफेक्ट नेहमी २च धरायचा का?

रकाना
नाही. २ हा पायंडा आहे, नियम नव्हे. तुमच्याच विषयावरच्या जुन्या पाहणीतून घ्या. शौचालय किंवा पाणी यांत गाव-गाव फरक मोठा, तिथे जास्त लागतो. एका गावातून घेतलेली घरं जितकी जास्त, तितकाही तो वाढतो. म्हणून घरं कमी आणि गावं जास्त, हे परवडत असेल तर तसं करा.

सातासमुद्र
परदेशाबद्दल थोडंसं. एमपीएच ब्रिटनमध्ये एक वर्षाचं, अमेरिकेत बहुधा दोन वर्षांचं. अमेरिकेत अभ्यासक्रमाला सीईपीएच या तिथल्या मान्यता-संस्थेची मान्यता आहे का ते पाहा. अर्ज बहुतेक ठिकाणी सोफास या सामाईक अर्ज-व्यवस्थेतून जातो, आणि त्यासाठी गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) थेट तिकडे पोहोचवायला वेळ जातो, ते काम सगळ्यात आधी सुरू करा.

साध्या एमपीएचचा वर्गीकरण-कोड बहुधा स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या यादीत) येत नाही, त्यामुळे ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर अमेरिकेत काम करायची मुभा, १२ महिन्यांचं. साथरोगशास्त्र किंवा जीवसांख्यिकीच्या कोडवर असाल तर ३६ महिन्यांपर्यंत जातं. विभागाला पत्र लिहून कोड विचारा, संकेतस्थळावरच्या मोघम वाक्यावर जाऊ नका. आणि ही पदवी रुग्ण तपासायचा परवाना देत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

शिष्यवृत्तीत ब्रिटनच्या चेव्हनिंगला किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, साधारण दोन वर्षं. म्हणजे आधी इथे नोकरी.