मांजराचं पिल्लू दत्तक द्यायला एवढ्या अटी कशाला?

डोंबिवलीकर
आईसाठी (वय ६८) मांजराचं पिल्लू शोधत होतो. बाबा गेल्यापासून ती दिवसभर घरात एकटीच असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत एक पोस्ट आली. रिक्षा स्टँडजवळ सापडलेली तीन पिल्लं, "प्रेमळ घर हवं". आईचा जीव त्यातल्या तिरंगीवर जडला. फोन केला तर म्हणे आधी फॉर्म भरा. एकतीस प्रश्न! घर स्वतःचं की भाड्याचं, गावाला गेलात तर मांजर कुठे ठेवणार, पगार किती (हो, पगार). मग व्हिडिओ कॉलवर घर दाखवा. सगळं झाल्यावर उत्तर आलं, "गॅलरीला जाळी नाही, सॉरी." बहिणीला बघायला आलेल्या मंडळींनी एवढी चौकशी केली नव्हती.

आईचं माहेर चिपळूणजवळचं. तिथे मांजर कधी कोणी 'दत्तक' घेतलं नाही. पिल्लं माळ्यावर जन्मायची, त्यांची आई त्यांना सात घरं फिरवायची, ज्याला जिथे आवडेल तिथे ते राहायचं. एकीकडे तुम्हीच सांगता की पिल्लं गाड्यांखाली मरतायत, आणि घर द्यायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवता. हे प्राणिप्रेम की मक्तेदारी?

पडवी
शंभर टक्के सहमत. आमच्याकडे भाताच्या कणग्या आहेत, म्हणून मांजरं आहेत. दिवसभर कुठे असतात ते त्यांनाच ठाऊक, संध्याकाळी मासे साफ करायला बसलं की हजर. शहरात त्यांना जाळीच्या आत कोंडून वर मऊ गादी द्यायची आणि त्याला 'सुटका' म्हणायचं. मांजराला विचारलंय का कोणी?

कापूसबोळा
मी सहा वर्षं ठाण्यात हेच करतेय, म्हणून लिहिते. पगार विचारणं चूकच. मी विचारत नाही, आणि जे विचारतात त्यांच्याशी माझं भांडण झालेलं आहे.

पण जाळी सोडणार नाही. दुसऱ्याच वर्षी एक पिल्लू "खिडक्या बंदच असतात हो" या भरवशावर दिलं. सहावा मजला. समोरच्या कठड्यावर पारवा येऊन बसला आणि याने झेप घेतली. मांजर चारी पायांवर पडतं हे खरं, पण एवढ्या उंचीवरून पाय टेकले की पाठोपाठ हनुवटी आपटते. जबडा मोडला होता, टाळू मधोमध चिरली होती. चार दिवस नळीने भरवलं, पाचव्या दिवशी गेलं. त्या काकू अजून सणाला मेसेज करतात. वाईट माणसं नव्हती हो ती. फक्त जाळी नव्हती.

'घरं फिरणं' चिपळूणला ठीक आहे. डोंबिवलीत सातवं घर रस्त्यापलीकडे असतं.

ज्या पिल्लाला तुम्ही दोन मिनिटांत मागता, ते तिथवर कसं येतं तेही सांगते. डोळे न उघडलेलं पिल्लू येतं तेव्हा ते गार असतं. गार पिल्लाला दूध पाजलं तर पचत नाही, म्हणून आधी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याशेजारी. मग दर दोन-तीन तासांनी पिल्लांचं पावडरचं दूध, रात्रीचे गजर लावून. गाईच्या दुधाने जुलाब होतात. बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध थेट फुप्फुसात जातं, पोटावरच ठेवायचं. प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसाने मागून पुसायचं, कारण त्या वयात ते आपणहून शी-शू करू शकत नाही. आई चाटून करवते, इथे मी. (माझं नाव आता कळलं असेल.) एवढं करून पाचातली दोन जगली असा महिनाही गेलाय. मग एकतीस नाही, चाळीस प्रश्न विचारावेसे वाटतात.

बी_विंग
मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, त्यामुळे सगळ्यांच्या शिव्या खायची सवय आहे. कुंड्यांमधली घाण, स्कूटरच्या फाटलेल्या सीट, पहाटे तीनला बोक्यांची भांडणं, या तक्रारी माझ्याकडे येतात, तुमच्या ग्रुपकडे नाही. खायला घालणारे पार्किंगमध्ये कागदावर ओतून निघून जातात, उरलेल्याला मुंग्या. दत्तक बित्तक ठीक आहे, पण मला सांगा, सहा वर्षं पिल्लं उचलताय तर आमच्याकडची मांजरं कमी का होत नाहीत?

आणि 'प्रेमा'चं टोक हेच ना? २०२५ मध्ये हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं असल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. तिथे शेजाऱ्यांनी काय करायचं होतं?

कापूसबोळा
ताई, तीनशे मांजरं म्हणजे सुटका नाही, तो मांजरांचाही छळच. प्रत्येक रेस्क्यू करणारीला हा धोका असतो, 'अजून एकच' म्हणता म्हणता. म्हणून तर घरं शोधायची.

तुमच्या प्रश्नावर मात्र मी उघडी पडते. पिल्लं उचलली, आई तिथेच राहिली. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. पहिली तीन वर्षं मी गोंडस पिल्लांचे फोटो टाकत होते आणि आईचं नसबंदीचं ऑपरेशन 'नंतर बघू' म्हणत होते. त्या काळात एकाच गल्लीतून, एकाच भाटीच्या, चार विणी उचलल्या.

पडवी
म्हणजे शेवटी कापाकापीवर आलातच.

कापूसबोळा
हो, आले. पडवी, तुमच्याकडे पिल्लं जास्त झाली की काय करतात? खरं सांगा.

पडवी
पोत्यात घालून मासळी बाजारात सोडतात. मी नाही, पण सोडतात. तिथे निदान उपाशी तर मरत नाहीत. मारत तर कोणीच नाही, मांजर मारलं तर काशी करावी लागते.

कापूसबोळा
बाजारात आधीच पंचवीस बोके असतात आणि नवीन पिल्लाला ते फाडतात. मारण्याचं पाप बोक्यावर, आपण काशीतून सुटलो!

कायद्याने तो गुन्हाही आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर टाकून दिलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. बाजारापर्यंतच्या रिक्षाला जास्त पडतात.

गुरांचा_डॉक्टर
मधे बोलतो. अटींमधली एक अट कोणीच विचारत नाही ती अशी, की आधी घरात मांजर होतं का आणि ते कशाने गेलं? पॅनल्यूकोपेनियाने (मांजरांचा जीवघेणा विषाणूचा आजार) गेलं असेल तर तो विषाणू फरशीवर, भांड्यावर वर्षभर टिकू शकतो. फिनाइलने जात नाही, ब्लीच लागतं. लस न दिलेलं पिल्लू अशा घरात गेलं की उलट्या, जुलाब, आणि बहुतेकदा दोन-चार दिवसांत खेळ खलास. तेव्हा आठव्या आठवड्याला पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी पुढची, आणि घरात दुसरं मांजर असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत. पगारापेक्षा हे विचारा.

आणि हो, तिरंगी जवळपास नेहमी मादीच असते. ऑपरेशनचं आताच ठरवून ठेवा.

बी_विंग
ऑपरेशन करून परत आमच्याच पार्किंगमध्ये सोडणार ना? मग आम्हाला काय फायदा?

कापूसबोळा
बोक्यांची रात्रीची भांडणं बरीच कमी होतात, मुतण्याचा उग्र वास कमी होतो, नवी पिल्लं नाहीत. उचलून लांब सोडलीत तर मोकळ्या जागेत दुसरी येतात, तीही ऑपरेशन न झालेली. ज्यांचं झालंय त्यांच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं असतं, लांबून ओळखू येतं. खायला घालणाऱ्यांनी कागद उचलून न्यावा याबद्दल मी तुमच्या बाजूने सोसायटीच्या मीटिंगला यायला तयार आहे. चहा मात्र पाजा.

बी_विंग
चहा पाजेन. एक विंग करून बघू. मी अजून पटलेली नाही.

डोंबिवलीकर
इथलं सगळं आईला वाचून दाखवलं. जबड्याचं ऐकून ती गप्प झाली. मग मी कबुतराच्या जाळीवाल्याला बोलावलं, तर तिनेच त्याला परत पाठवलं. "मी पापड कुठे वाळवू? जाळीत राहायला मी पोपट आहे का?" म्हणजे आता अट घालणारे दोन झाले, तुम्ही आणि आई.

तुमच्या ग्रुपवरचा राग अजून आहे. नाही म्हणायचंच होतं तर पहिल्या प्रश्नाला म्हणायचं, एकतिसाव्याला का? जाळीची अट पोस्टमध्येच लिहा ना.

दरम्यान, आमच्या जिन्याखाली पाण्याच्या पंपामागे एक करडी भाटी व्यायली आहे. चार पिल्लं, डोळे उघडलेत, एक जरा धडपडत चालतंय. आई रोज दूध-भात घेऊन खाली जाते.

कापूसबोळा
पोस्टमध्ये जाळीची अट वर लिहायचं पटलं, आजपासून लिहिते.

आईंना सांगा, दूध बंद. भातात बांगड्याचं किंवा कोंबडीचं उकडलेलं कालवा, मीठ-मसाला नको, आणि पाणी भरपूर. पिल्लांना हात लावू नका, नाहीतर भाटी जागा बदलेल आणि शोधत बसावं लागेल. डोळे उघडून चालायला लागलीत म्हणजे तीनेक आठवड्यांची असतील. अजून पाच आठवडे आईजवळच राहू देत, तोवर त्यांना माणसाच्या आवाजाची सवय करा. तुमच्या आई रोज जातात ते उत्तमच.

मग मी पिंजरा घेऊन येते. आदल्या रात्री भाटीला खायला घालायचं नाही. आमिषाला सुका बोंबील जरा भाजून ठेवा, वास लांबपर्यंत जातो. तुमच्या पंपाची खोली रात्री कोण बंद करतं, वॉचमन का? त्याला आधी सांगून ठेवा.