मदत हवी आहे: सोसायटीचा ठराव, शिक्षण कर विरुद्ध मेट्रो (ठाणे, घोडबंदर रोड)

नमस्कार मंडळी,

कासारवडवलीतल्या एका सोसायटीचा मी सचिव. (पद मागून घेतलेलं नाही, गळ्यात पडलंय.) रविवारी वार्षिक सभा आहे आणि विषयपत्रिकेवर एक ठराव आलाय: मालमत्ता कराच्या बिलातला शिक्षण कर बंद करून तो पैसा मेट्रो आणि टीएमटीकडे (ठाणे महापालिकेची बससेवा) वळवावा, आणि तसं होईपर्यंत सभासदांनी तेवढी रक्कम वजा करूनच बिल भरावं. मसुदा लिहिण्याचं काम अर्थातच माझ्याकडे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुंपलीय. एक काका म्हणतात, "माझी दोन्ही पोरं न्यू जर्सीत. मी कुणाच्या शाळेचे पैसे भरतोय?" त्यावर बी विंगच्या एक ताई: "तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या मुलीच्या. ती मनपा शाळेत सातवीत आहे." त्यानंतर थोडा वेळ ग्रुप गप्प. मग कुणीतरी गायमुखच्या मेट्रो चाचणीचा व्हिडिओ टाकला आणि पुन्हा सुरू.

मी बिल समोर घेऊन बसलो. सामान्य कर, पाणी, मलनिःसारण, वृक्ष, रस्ता... आणि शिक्षणाच्या ओळी दोन: एक महापालिकेची, एक राज्य शासनाची. रोजगार हमीचा रकाना आमच्या बिलात शून्य, पण तळमजल्यावरच्या मेडिकलवाल्याच्या बिलात आकडा आहे. म्हणजे निदान या ओळी एकाच गल्ल्यात जात नसाव्यात. माझा अंदाज असा की ठरावाचा पायाच कच्चा आहे, पण सभेत नुसत्या अंदाजावर बोललो तर काका मला फाडून खातील.

तर जाणकारांनी सांगावं. शिक्षणाचा पैसा मेट्रोला वळवता येतो का? बिल कापून भरलं तर काय होतं? आणि मेट्रोचा पैसा मुळात येतो कुठून?

जुना_लेखापाल:

कापून भरू नका, हे पहिलं. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. तत्त्वासाठी फार महाग सौदा. शिवाय थकबाकी नावावर राहिली की फ्लॅट विकताना धावपळ ती वेगळीच.

आता शासनाची ओळ. ती १९६२ च्या शिक्षण व रोजगार हमी उपकराच्या कायद्याखालची. महापालिका फक्त वसूल करते आणि सरकारकडे भरते. आयुक्तांच्या मनात आलं तरी तो पैसा बसकडे वळवणं त्यांच्या हातात नाही. मेडिकलवाल्याचा आकडाही याच कायद्यातला, कारण रोजगार हमीचा भाग बिगरनिवासी मिळकतींवर लागतो. दुसरी ओळ महापालिकेची. तिच्या शाळा याच पैशातून आणि सरकारी अनुदानातून चालतात. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण हा २००९ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. शाळा चालवायच्या की नाही, हा प्रश्न सोसायटीच्या सभेत सुटणारा नाही.

मेट्रोची_वाट:

मेट्रोचं मी सांगतो, कारण खिशातून गेलेत. १ एप्रिल २०२२ पासून ठाण्यात मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीच्या १ टक्का मेट्रोचा अधिभार आहे. ९० लाखांचं घर घेतलंत तर ९० हजार रुपये तिथेच गेले. तुमच्या सोसायटीत त्यानंतर आलेल्या सगळ्यांनी हे भरलंय. काकांनी भरलं नसणार, ते जुने रहिवासी दिसतात :)

वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ आणि पुढचा गायमुखपर्यंतचा ४अ हे एमएमआरडीएचं (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) काम. ठाण्याची वर्तुळाकार मेट्रो वेगळी: २९ किमी, २२ स्थानकं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केली, १२,२०० कोटींची, महामेट्रोकडे (केंद्र आणि राज्याची मेट्रो कंपनी). त्यात केंद्र आणि राज्याचं समान भांडवल, बाकी परदेशी कर्ज, आणि स्थानकाला नाव द्यायचा हक्क कंपन्यांना विकणं वगैरे मार्ग. तुमच्या मालमत्ता बिलाचा यात कुठेही संबंध नाही. शिक्षण कर उद्या शून्य केला तरी कापूरबावडीच्या खांबावर एक वीट चढायची नाही.

खारघरची_सून:

आमच्याकडे बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. ११ स्थानकं, गाडी छान, एसी. पण आमच्या सेक्टरातून स्थानकापर्यंत जायचं तर पावसात शेअर रिक्षा शोधत उभं राहावं लागतं. मेट्रो येणार म्हणून नाचू नका, घरापासून मेट्रोपर्यंत काय, ते आत्ताच विचारा. आणि शाळांबद्दल: नवी मुंबई पालिकेने स्वतःच्या सीबीएसई शाळा काढल्या आहेत. मनपा शाळा चांगली झाली की आपलीच माणसं तिथे अर्ज करतात. मागणी करायचीच असेल तर तशी करा की.

सचिव (धागाकर्ता):

मनापासून धन्यवाद. खारघरच्या ताईंचा मुद्दा मला सर्वांत जास्त पटला. आमच्याकडचं भांडण मुळात आहे तेही तेच: मेट्रो सुरू झाली तरी वाघबीळच्या आतल्या रस्त्यावरून, आनंदनगरच्या मागून, स्थानकापर्यंत पोचायचं कसं. आणि ते काम एमएमआरडीएचं नाही, टीएमटीचं. टीएमटी महापालिकेच्या अनुदानावर चालते, म्हणजे आपल्या करातला पैसा खरोखर जिथे बसपर्यंत पोचतो ती जागा ही. शाळेच्या तोंडातला घास काढायची गरजच नाही.

ठराव असा बदलतोय. एक, मेट्रो स्थानकांना जोडणाऱ्या टीएमटीच्या छोट्या बसफेऱ्यांची मागणी, मार्गासह, पीक अवर्सच्या वेळांसह. दोन, महापालिका शिक्षण करापोटी आमच्या प्रभागातून किती जमा झाले आणि प्रभागातल्या मनपा शाळांवर किती खर्च झाले, याचा माहिती अधिकारात अर्ज. दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवस. आकडा हाती आला की काका भांडोत, निदान आकड्यावर भांडतील. 'कापून भरा' हे वाक्य पूर्ण काढलं.

एकच अडकलंय: बसमार्गाचा अर्ज कुणाच्या नावे द्यायचा?

जुना_लेखापाल:

परिवहन व्यवस्थापकांच्या नावे, प्रत परिवहन समितीला आणि तुमच्या नगरसेवकाला. पोचपावतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि एकट्या सोसायटीचा अर्ज देऊ नका. शेजारच्या चार सोसायट्यांच्या सह्या आणा, सोबत सकाळी कुठल्या वेळात किती माणसं निघतात त्याचा साधा तक्ता. वॉचमनला गेटवर एक आठवडा खुणा करायला सांगितलं तरी तक्ता तयार होतो.

सचिव (धागाकर्ता):

उद्यापासून खुणा सुरू. तक्ता झाला की इथे टाकतो.