मदत हवी आहे: रेझर क्लॅम ठेवलेल्या बादलीतलं पाणी रातोरात पांढरं झालंय

नमस्कार मंडळी. मी पुण्यात टी.वाय. बीएस्सीला आहे, विषय प्राणिशास्त्र. प्रोजेक्टसाठी दापोलीकडून रेझर क्लॅम आणलेत. पाहिले नसतील तर सांगतो: बोटापेक्षा लांब, अरुंद शिंपला, वाळूत उभा पुरलेला. ओहोटीला बिळात मीठ टाकलं की वर डोकावतो.

समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं होतं. खोलीवर आल्यावर सगळे बादलीत सोडले, एअर पंप लावला. सकाळी बघतो तर पाणी दूध मिसळल्यासारखं, आणि तळाशी वळ्यावळ्यांचे छोटे तुकडे. हे मेलेत की प्रजनन झालंय? बरेच शिंपले फाकलेत. बाजारात तिसऱ्या (खायचे शिंपले) घेताना आई 'उघडी ती मेलेली' म्हणते, ते इथे लागू होतं का? शिवाय सरांना नर-मादी प्रमाण हवंय. बाहेरून ओळखायची काही खूण?

प्रतिसाद:
आधी वास घ्या. मेले असते तर पुण्याच्या उकाड्यात तुम्ही एव्हाना खोली सोडली असती.

फाकलेल्या शिंपल्यावर जाऊ नका. हा प्राणी पूर्ण मिटतच नाही, दोन्ही टोकं उघडीच असतात. भोवती वाळूचा दाब नसला की आणखी फाकतो, म्हणून परदेशी बाजारात यांच्या जुड्या रबर बँड लावून विकतात. पायाला सुई हलकेच टोचा. आत ओढला तर जिवंत.

तळाचे तुकडे सायफनचे, म्हणजे पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे असणार. त्रास झाला की सोलेन (आपल्याकडचा रेझर क्लॅम) सायफनची टोकं वळीवळीने तोडून टाकतो. ती पुन्हा वाढतात. प्रजननाशी त्यांचा संबंध नाही.

नर-मादी वेगवेगळे असतात, पण बाहेरून कळत नाहीत. दोघंही आपापला ऐवज, म्हणजे शुक्राणू आणि अंडी, पाण्यात सोडतात, फलन तिथेच होतं. पाणी अचानक कोमट झालं की हे सुरू होऊ शकतं. हॅचरीत (पिल्लं तयार करण्याच्या केंद्रात) शिंपल्यांना मुद्दाम असाच झटका देतात. एकाने सोडलं की बाकीचे मागोमाग. एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघाच.

धागाकर्ता:
वास अजिबात नाही! कॉलेजात थेंब पाहिला. वळवळणारे बारीक ठिपके भरपूर, अधूनमधून गोल दाणे. म्हणजे पिल्लं होतील?

प्रतिसाद:
अभिनंदन, बाळंतपण झालं म्हणायचं. ठिपके म्हणजे शुक्राणू, दाणे म्हणजे अंडी. थोडं पाणी लगेच वेगळ्या बरणीत काढा, नाहीतर बादलीतले मोठे क्लॅमच अंडी गाळून गिळतील. फलन झालं असेल तर आधी केसाळ ट्रोकोफोर (पहिली अळी) पोहताना दिसेल, मग चिमुकली दोन शिंपलं असलेला व्हेलिजर (पुढची अळी). पुढे मात्र खायला सूक्ष्म शेवाळ लागतं, बसायला वाळू लागते. हॉस्टेलवर ते निभणार नाही.

प्रजनन किती तापमानाला सुरू होतं याचा नेटवर 13 अंश सेल्सिअसचा आकडा सापडेल. तो अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सिलिक्वा पॅट्युला या रेझर क्लॅमचा आहे. आपलं पाणी तेवढं थंड होतच नाही, रिपोर्टमध्ये तो घुसडू नका.

प्रोजेक्टचं म्हणाल तर आजच कामाला लागा. सगळं सोडून रिकामा झालेला क्लॅम नर की मादी हे सांगता येत नाही. ज्यांच्या पायाच्या मुळाशी पांढुरका गर अजून भरलेला दिसतो ते आधी उघडा, टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा स्लाइडवर पसरा, वर समुद्राच्या पाण्याचा थेंब. शुक्राणू दिसले तर नर, अंडी दिसली तर मादी. उरलेला गोनॅड (तोच गर, म्हणजे प्रजनन ग्रंथी) बुइन द्रावणात (ऊती टिकवणारं रसायन) ठेवा, सेक्शन (पातळ काप) नंतर काढता येतील. रिकामे निघतील त्यांची 'अनिश्चित' अशी वेगळी नोंद करा, प्रमाणात धरू नका.