संबंधानंतर किंचित रक्त दिसते, तपासणीपूर्वी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मैत्रिणींनो,

मी इंदूरला राहते, वय 37, दोन मुले आहेत. धाकट्याच्या जन्मानंतर बसवलेली कॉपर-टी अजून आहे. गेल्या काही महिन्यांपासून शरीरसंबंधानंतर पुसताना फिकट लाल रक्त दिसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कधीकधी तपकिरी डाग पडतो. प्रत्येक वेळी असे होत नाही. पॅड लागावे इतके रक्त कधीच नसते, दुखत नाही, पाळी वेळेवर येते आणि दोन पाळ्यांच्या मधे एरवी काही दिसत नाही. अंगावरून पांढरे मात्र पूर्वीपेक्षा जास्त जाते. त्याला वास नाही, खाजही नाही.

जाऊबाईंजवळ बोलले तेव्हा त्यांनी उष्णता वाढली असेल म्हणून सब्जा आणि गुलकंद घ्यायला सांगितले. त्यांनी ते आपुलकीने सांगितले, परंतु रक्त नेमके संबंधानंतरच का दिसावे, याचे उत्तर मला त्यात सापडत नाही. नंतर सोनोग्राफी करून घेतली. गर्भाशय व अंडाशय व्यवस्थित असून कॉपर-टी जागेवर आहे, असा अहवाल आला आणि ह्यांना वाटले की काळजी मिटली. तीन वर्षांपूर्वी केलेली पॅप चाचणीही (गर्भाशयाच्या मुखावरील पेशींची तपासणी) नॉर्मल होती. एवढ्यावर थांबणे योग्य आहे का? हे कॉपर-टीमुळे होत असेल का? आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांचे आमच्या रामबाग वस्तीत सगळ्यांशी घरोब्याचे संबंध असल्यामुळे त्यांच्यासमोर हा विषय काढणे मला फार जड जाते.

– मालवी_गृहिणी

मालवीताई, मी ग्वाल्हेरची. स्त्रीरोग विभागात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. निदान मात्र तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच करायचे आहे.

सोनोग्राफीवर थांबू नका. संबंधानंतरचे रक्त बहुतेक वेळा गर्भाशयाच्या मुखाकडून येते आणि त्या मुखाचा पृष्ठभाग कसा आहे, हे सोनोग्राफीत कळत नाही. त्यासाठी स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून धरणारे साधन) लावून प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे लागते, आणि तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात नेमकी तीच एक तपासणी राहिलेली दिसते.

तुमच्या वयात वारंवार आढळणारे कारण म्हणजे ज्याला दवाखान्यात ‘इरोजन’ म्हणतात ते. नाव ऐकून बायका घाबरतात, पण तिथे जखम नसते. मुखाच्या आतल्या बाजूचे नाजूक अस्तर संप्रेरकांच्या प्रभावामुळे बाहेरच्या बाजूस आलेले असते, त्याला धक्का लागला की थोडे रक्त येते आणि त्यातून स्राव जास्त होत असल्याने पांढरेही जास्त जाते. त्रास नसेल तर त्यावर उपचारही लागत नाहीत. कुणी पहिल्याच भेटीत ते जाळून टाकू म्हणाले, तर आधी पॅप किंवा एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीचा अहवाल येऊ द्या, असे स्पष्ट सांगा. याखेरीज मुखावर लहानसा पॉलिप (मांसल कोंब) असू शकतो, तो बहुधा बाह्यरुग्ण विभागातच काढून तपासणीला पाठवतात. क्लॅमिडियासारखा शरीरसंबंधातून होणारा संसर्ग काही लक्षण न दाखवताही राहतो. तो निघाल्यास पती-पत्नी दोघांनीही औषध घ्यावे लागते, आणि तेवढ्यावरून कुणी कुणावर संशय घेऊ नये, कारण तो किती जुना आहे हे चाचणीवरून ठरत नाही. अंगावर पाजत असताना किंवा पाळी जाण्याच्या काळात कोरडेपणामुळेही असे होते, पण तुमच्या वर्णनात तसे दिसत नाही. कॉपर-टीमुळे अधूनमधून डाग पडू शकतात. तरी इतर कारणे पाहिल्याशिवाय सगळा दोष तिला देऊ नये.

आता ज्या भीतीचे नाव तुम्ही घेतले नाही, तिच्याविषयी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही हे लक्षण दिसते. असा रक्तस्राव होणाऱ्या बहुतेक स्त्रियांना तो नसतो, तरीही तो नाही याची खात्री करूनच पुढे जायचे असते. हा आजार एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो, साधारण 70 टक्के रुग्णांत 16 आणि 18 हे प्रकार आढळतात, आणि सुरुवातीच्या बदलांपासून कर्करोग होईपर्यंत सहसा बरीच वर्षे जातात. म्हणून तुमची जुनी नॉर्मल पॅप दिलासा देणारी आहेच. पण पॅप ही लक्षणे नसलेल्या स्त्रियांची चाळणी आहे. लक्षण दिसू लागल्यावर जुना अहवाल पुरेसा नसतो, आणि मुखावर काही संशयास्पद दिसले तर पॅप चांगली असली तरी कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीतून मुखाची तपासणी) आणि बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणे) करतात.

ओळखीच्या डॉक्टरांकडेच जायला हवे असे नाही. तुमच्याकडे एम. वाय. हे सरकारी रुग्णालय आहे, स्त्रियांसाठीचे एम. टी. एच. रुग्णालय आहे, तिथे स्त्री डॉक्टर मागता येतात. दरम्यान पॅड भरभरून रक्त जाऊ लागले, ताप येऊन ओटीपोटात दुखले किंवा पाळी चुकली, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

– सिंधियानगरी

हे वाचून दुसरीकडे, स्त्री डॉक्टरांची वेळ घेतली आहे. माझ्या सासूबाईंची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली आहेत आणि मध्यंतरी त्यांनाही एकदा डाग दिसला होता. तो वयाचा परिणाम म्हणून त्यांनी सोडून दिला. त्यांनाही सोबत न्यावे का? आणि जाण्यापूर्वी काही पथ्य आहे का?

– मालवी_गृहिणी

त्यांना अवश्य न्या, आणि शक्य असेल तर तुमच्याही आधी दाखवा. पाळी गेल्यानंतर एकदाही, थेंबभर जरी रक्त दिसले, तरी ते तपासावेच लागते. त्यांच्या बाबतीत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची जाडी सोनोग्राफीत पाहतात, म्हणजे तुमच्यासाठी अपुरी ठरलेली तपासणी त्यांच्या उपयोगाची आहे. तुम्ही पाळीचे दिवस टाळून जा, आधीचे दोन दिवस संबंध टाळा आणि योनीमार्गात कोणतीही गोळी किंवा मलम वापरू नका. सोनोग्राफी व पॅपचे जुने कागद आणि कॉपर-टी बसवल्याची तारीख लिहून सोबत ठेवा.

– सिंधियानगरी