आनंदीबाईंच्या कॉलेजचं दप्तर: विद्यार्थिनींचं रोजचं जगणं कुठे वाचायला मिळेल?

कृष्णाकाठ
मी साताऱ्यात 31 वर्षं बाळंतपणं करते आहे. 31 मार्चला, आनंदीबाई जोशींच्या जन्मदिवशी, दरवर्षी नर्सिंगच्या मुलींशी त्यांच्याविषयी बोलते. सांगते तेच: 1886 साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी, फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात मृत्यू. यंदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्यांना पण जर्नल लिहायला लागायची का?" मला उत्तर देता आलं नाही आणि ते फार लागलं.

माझी ॲनाटॉमीची जर्नल आणि मेसचं कार्ड अजून ट्रंकेत आहे. त्यांच्या शिकतानाच्या काळातलं असं काही उरलंय का? ते कॉलेज तर त्या नावाने आता नाही. मग कागद गेले कुठे?

जुनीपानं
ताई, कागद आहेत आणि नीट जपलेले आहेत. 1850 साली निघालेलं ते कॉलेज 1970 मध्ये मुलांनाही घेऊ लागलं, तेव्हा नावातून 'विमेन्स' गेलं. पुढे विलीनीकरणं होत होत ते ड्रेक्सेल विद्यापीठात आलं. तिथल्या लेगसी सेंटरकडे जुनं दप्तर आहे, आणि त्यातलं पुष्कळ स्कॅन करून वेबसाइटवर ठेवलंय. शोधताना एक करा: जोशी हे आडनाव शेवटी 'डबल ई' लावून टाका. त्या तसंच लिहीत.

आधी 28 जून 1883 चं पत्र वाचा. अमेरिकेत नुकत्याच पोचलेल्या 18 वर्षांच्या आनंदीबाईंनी न्यू जर्सीतल्या रोझेलहून प्रवेशासाठी लिहिलेलं. मग प्रबंध. पदवीसाठी तो लिहावा लागे. त्यांचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, म्हणजे तुमचाच. त्या मुलीला हे नक्की सांगा.

पेठकरीण
10 ऑक्टोबर 1885 चा फोटोही बघा. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशच्या पोशाखात. खाली तिघींच्या नावामागे 'डॉ.' आहे. पण त्या दिवशी तिघीही शिकतच होत्या! ओकामींना पदवी 1889 मध्ये मिळाली, इस्लामबूलींना 1890 मध्ये. म्हणजे नावं मागाहून कोणीतरी घातली. निघण्याआधी आनंदीबाई श्रीरामपूरला (बंगालमधल्या) राहत होत्या, त्या गावाचं नावही तिथे चुकलंय. अशा ठिकाणी मी थांबते. कोणी, कधी लिहिलं असेल याचा विचार करत बसते.

जुनीपानं
बरोबर. आणि एकट्या आनंदीबाईंवर थांबू नका. त्याच कॉलेजातून 1892 मध्ये गुरुबाई करमरकर डॉक्टर झाल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत राहिल्या. आपल्याकडे त्यांचं नाव कोण घेतं? त्याआधीचंही वाचा: नोव्हेंबर 1869 मध्ये या कॉलेजच्या मुली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात रुग्ण बघत शिकायला गेल्या, तर पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो केली, कागदाचे बोळे फेकले, तंबाखू थुंकून कपडे खराब केले. आनंदीबाई गेल्या त्याच्या 14 वर्षं आधीची गोष्ट.

कृष्णाकाठ
दोघांचे मनापासून आभार. काल ओपीडी आटोपल्यावर पत्र वाचलं. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, असं त्यांनी लिहिलंय. मी खुर्चीतच बसून राहिले. गेल्याच आठवड्यात एक सासूबाई दारातून विचारत होत्या, "बाईच तपासणार ना? मगच आणते सुनेला." सून आठव्या महिन्यात होती, पाय सुजलेले, बीपी वाढलेलं, आणि तोवर एकदाही तपासणी झालेली नव्हती.

पुढच्या 31 मार्चला पत्र आणि फोटो मोठे छापून भिंतीला लावते. गुरुबाईंचं नावही. प्रबंधाचं अक्षर वाचायला वेळ लागतोय, रोज दोन-तीन पानं होतात. विचारणाऱ्या मुलीला शेजारी बसवलंय. अडलं की ती अक्षरं लावून देते.