घरच्या घरी बॅडमिंटनच्या गटिंगसाठी कोणते मशिन घ्यावे?

एक पालक, मनीषनगर

नमस्कार. माझी मुलगी जिल्हा पातळीवर बॅडमिंटन खेळते आणि तिचा धाकटा भाऊही आता मानकापूरच्या क्रीडा संकुलात नियमित सरावाला जाऊ लागला आहे. दोघांची मिळून महिन्याला पाच-सहा वेळा तरी गटिंग, म्हणजे रॅकेटची तारांची जाळी, तुटते. बर्डीवरील ज्या दुकानात आम्ही रॅकेट देतो, तेथे ती परत मिळायला कधी दोन दिवस लागतात, कधी चार, आणि स्पर्धेच्या आठवड्यात तर विचारायचीच सोय नसते. शिवाय दर वेळी तारांना २४ पौंड ताण सांगूनही रॅकेट हातात वेगळीच लागते, अशी मुलीची तक्रार आहे. म्हणून घरीच मशिन घ्यावे असे आम्ही ठरवत आहोत. वजनाचे, हँडलचे आणि विजेवर चालणारे असे तीन प्रकार पाहिले. त्यांच्या किमतींत इतके अंतर आहे की आपण नेमके कशाचे पैसे मोजणार आहोत, तेच कळत नाही. टेनिस आमच्याकडे कोणी खेळत नाही, आणि मशिन जेवणाच्या टेबलावरच मांडावे लागेल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

यंत्र अभियंता, हिंगणा एमआयडीसी

ताई, मशिन निवडताना बहुतेकजण ताण कसा ओढला जातो यावरच अडून बसतात. माझ्या मते तो प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न, ओढताना फ्रेम कशी धरली जाते, हा.

बॅडमिंटनच्या रॅकेटला साधारणपणे २२ उभ्या तारा असतात आणि आडव्या तारा ओवायला घेण्यापूर्वी या सगळ्या ओढून झालेल्या असतात. २४ पौंडांच्या हिशोबाने हा भार ५२८ पौंड, म्हणजे सुमारे २४० किलो होतो, आणि तो रॅकेटचे डोके व गळा एकमेकांकडे खेचत असतो. अख्ख्या रॅकेटचे वजन ८०-९० ग्रॅम, तेव्हा त्या कार्बनच्या नळीची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. फ्रेम उंचीत आखडू पाहते आणि रुंदीत फुगू पाहते. आडव्या तारा बसू लागल्या की त्या दोन्ही बाजूंना आत खेचून आकार पूर्ववत आणतात, पण तोपर्यंत फ्रेम सांभाळण्याचे काम मशिनच्या टेकूंना करावे लागते. केवळ दोन ठिकाणी धरणाऱ्या स्वस्त मशिनवर फुगणाऱ्या बाजूंना काहीच आधार नसतो. सहा ठिकाणी धरणाऱ्या मशिनवर डोक्याशी आणि गळ्याशी आतून एकेक टेकू असतो आणि खांद्यांना बाहेरून चार टेकू असतात. आपल्याला नेमके तेच हवे. याच कारणाने उभ्या तारा ओढून झाल्यावर रॅकेट तशीच सोडून झोपायला जाऊ नये, आणि आडव्या तारांना उभ्यांपेक्षा एक-दोन पौंड जास्त द्यावेत.

दुसरा प्रश्न क्लॅम्पचा, म्हणजे ओढलेली तार धरून ठेवणाऱ्या चिमट्यांचा. सुटे क्लॅम्प नुकतीच ओढलेली तार शेजारच्या तारेच्या आधारे धरून ठेवतात. त्यामुळे ते थोडे तिरके होतात आणि तार तितकीच मागे सरकते. हे थोडे-थोडे सरकणे प्रत्येक तारेला होते. रुळांवर सरकणारे, बैठकीला पक्के बसणारे क्लॅम्प असतील तर हा दोष बराच कमी होतो. योनेक्सच्या बीजी ६५ या तारेची जाडी ०.७० मिलिमीटर, बीजी ६६ अल्टिमॅक्सची ०.६५, बारीक तारेला क्लॅम्प सैल असेल तर ती घसरते आणि जास्त आवळला तर चेपली जाते. तेव्हा क्लॅम्पची पकड बारीक फिरवून जुळवता येते की नाही, हे अवश्य पाहावे.

आता ताण. वजनाच्या मशिनमध्ये भाजीवाल्याच्या तागडीसारखी एक दांडी असते. तिच्यावरील वजन पुढे-मागे सरकवून पौंड ठरवायचे आणि दांडी आडवी होईपर्यंत खाली येऊ द्यायची. तार सैलावली की दांडी आणखी खाली जाते, म्हणजे ओढ चालूच राहते. दांडी अगदी आडवी नसेल तर किती बिघडते, ही शंका अनेकांना असते. १० अंशांचा फरक पडला तर ओढ जेमतेम दीड टक्क्याने घटते. २४ पौंडांत हे पाव ते अर्धा पौंड झाले. २० अंशांनी चुकलात तर मात्र सहा टक्के, म्हणजे जवळपास दीड पौंड जातो. थोडे लक्ष ठेवले की काम भागते. वीज लागत नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नसते, आणि महिन्याला पाच-सहा रॅकेटसाठी वेग कमी असल्याने काही अडत नाही. सहा टेकूंचे, पक्क्या क्लॅम्पचे, वजनाचे मशिन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गटिंगचे काम करणारा, महाल

वरील उत्तरातील फ्रेमबद्दलचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, पण वेगाबद्दल मी सहमत नाही. वजनाच्या मशिनवर प्रत्येक तारेला दांडी उचला, तार अडकवा, दांडी सोडा, कोन पाहा, पुन्हा उचला, असे चालते. उद्या सकाळी सामना आणि आज रात्री दहाला गटिंग तुटली, तर हे किती रेंगाळते ते समजते. विजेच्या मशिनवर आकडा टाकला की ते तितकेच ओढते आणि धरून ठेवते. गाठीच्या वेळी थोडे जास्त ओढण्याचीही त्यात सोय असते. मात्र ते २३० व्होल्टचे आहे ना, हे पाहूनच घ्यावे. परदेशातून कोणी १०० किंवा ११० व्होल्टचे आणले तर ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो. उन्हाळ्यात आपल्याकडे व्होल्टेज खाली-वर होते, तेव्हा स्टॅबिलायझर असलेला बरा. मध्येच वीज गेली तरी क्लॅम्प पक्के असतील तर ओढलेल्या तारा जागच्या जागी राहतात, घाबरण्याचे कारण नाही.

"दर वेळी २४ पौंड वेगळेच लागतात" यामागे बहुधा हे असते : हँडलच्या मशिनवर ठरलेला ताण आला की चक्र अडकते आणि ओढ तिथेच थांबते. त्यानंतर तार सैलावत जाते आणि ती पुन्हा ओढणारे कोणी नसते. एकाने लगेच क्लॅम्प लावला, दुसरा बोलत बसला, की दोन रॅकेटमध्ये फरक पडलाच. त्यात मशिन कित्येक महिने तपासलेले नसेल तर विचारूच नका.

आणि एक. फ्रेमवर छापलेल्या कमाल पौंडांच्या वर घरी जाऊ नये. मुले यूट्यूबवर पाहून ३० मागतात. आम्हीही त्यांना नाहीच म्हणतो.

निवृत्त खेळाडू, धरमपेठ

मशिनबद्दल वर पुरेसे आले आहे. मी फक्त ठेवणीबद्दल लिहितो. नायलॉनला उष्णता आणि ओल दोन्ही सोसत नाहीत. पारा ४५ च्या पुढे असताना उन्हात उभ्या केलेल्या गाडीत रॅकेट राहिली तर संध्याकाळी तिचा ताण उतरलेला आढळतो. त्याचप्रमाणे गटिंगचे रीळ कूलरसमोरच्या कपाटात ठेवू नये, झाकणाच्या डब्यात ठेवावे. एका रॅकेटला साधारण १० मीटर लागते, म्हणजे २०० मीटरच्या रिळात २० रॅकेट होतात. सुटी पाकिटे घेण्यापेक्षा त्यात बरीच बचत होते, आणि तुमच्या खपाला रीळ तीन-चार महिन्यांत संपेल, त्यामुळे ते शिळे होण्याची भीती नाही.

खेळता खेळता एक तार तुटली की बाकीच्या तारा लगेच मधून बाहेरच्या बाजूला कापत जाव्यात. अर्धवट ताणाखाली रॅकेट रात्रभर बॅगेत राहिली तर फ्रेमला मुरड पडते. हे मुलांना आधी शिकवा, मशिन नंतर आणा.

एक पालक, मनीषनगर

सर्वांचे मनापासून आभार. वजनाच्या मशिनकडे आमचा कल झाला होता, तोच सिव्हिल लाइन्समधील एका परिचितांनी त्यांचे जुने टेनिसचे हँडलचे मशिन अगदी कमी किमतीत देऊ केले आहे. त्याला सहा टेकू आहेत आणि क्लॅम्पही पक्के आहेत. हे घ्यावे का?

यंत्र अभियंता, हिंगणा एमआयडीसी

घेता येईल, पण पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, क्लॅम्पचे दात. टेनिसची तार १.२० ते १.३५ मिलिमीटर जाड असते आणि तारांमधील अंतरही मोठे असते. ते दात बॅडमिंटनच्या दाटीत शिरत नाहीत आणि शिरले तरी ०.६५ ची तार घट्ट धरत नाहीत. बॅडमिंटनचे क्लॅम्प त्या बैठकीवर बसतात का आणि वेगळे मिळतात का, हे आधी विचारून घ्यावे. तसेच टेकू बॅडमिंटनच्या अरुंद डोक्यापर्यंत आत सरकतात का, तेही आपली रॅकेट नेऊन प्रत्यक्ष लावून पाहावे.

दुसरी, त्याची अचूकता. सामानाच्या बॅगा तोलण्याचा हुकाचा डिजिटल काटा घ्यावा, त्याचे एक टोक मजबूत दोरीने पक्के बांधावे, दुसऱ्या टोकाला गटिंगचा तुकडा लावून तो मशिनने ओढावा. २४ पौंडांना काट्यावर १०.९ किलो दिसले पाहिजे. हँडलचे मशिन स्प्रिंगवर ताण मोजत असल्याने आकडा थोडा चुकला तर स्क्रूने जुळवता येतो. पण चार वेळा ओढून चार वेगवेगळे आकडे आले, तर फुकट मिळाले तरी घेऊ नये. ओढ थांबण्याचा जो दोष वर महालच्या गृहस्थांनी सांगितला, तो यातही राहणारच. त्यावर तोडगा म्हणून वाइज २०८६ नावाचे विजेचे डोके हँडलच्या जागी बसवतात, मात्र ते धरून एकूण खर्च काढला तर वजनाचे नवे मशिन स्वस्त पडण्याची शक्यता आहे. काटा तेवढा आजच घेऊन ठेवा, कोणतेही मशिन आले तरी तो लागणारच आहे.