इंदूर: शिक्षेविरुद्ध अपिलाची मुदत उलटली, आता काय करायचं?

जुनी_इंदूर: इंदूरच्या सत्र न्यायालयाने नात्यातल्या एकाला १० वर्षांची शिक्षा दिली. सात महिने झाले, अपील झालंच नाही. तो आत आहे. उच्च न्यायालय आता अपील घेईल का?

पलासिया: घेऊ शकतं. या शिक्षेवर इंदूर खंडपीठात अपिलाची मुदत ६० दिवस (फाशी असेल तर ३०). ती उलटली की अपिलासोबत परिसीमा अधिनियम, १९६३ च्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र लावतात.

आधी उशीर नेमका किती ते मोजा, चुका इथेच होतात. निकालाचा दिवस धरायचा नाही. निकालाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवसही वगळायचे. समजा निकाल १० जानेवारी २०२५ चा, तर ६० दिवस ११ मार्चला भरतात. नकलेचा अर्ज २० जानेवारीला, नक्कल तयार ३१ ला, म्हणजे १२ दिवस वाढून २३ मार्च. तो रविवार, म्हणून २४ ला दाखल केलेलं अपील मुदतीतच. तयार नक्कल उचलायला लावलेले दिवस मात्र तुमच्याच खात्यात.

छत्रीबाग: कारणात नुसतं "गरिबीमुळे जमलं नाही" लिहू नका. मुदत संपल्यापासून दाखल करेपर्यंत काय काय झालं ते तारखांसह लिहा: कागद वकिलाकडे केव्हा दिले, पैसे केव्हा जमले, आजारपण असेल तर डिस्चार्ज कार्ड. दर दिवसाचा हिशेब आडमुठेपणाने मागू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच म्हटलंय. पण मधले तीन महिने कोरे दिसले तर सरकारी वकील तिथेच बोट ठेवतो. आधीच्या वकिलाने अपील लावलं नाही असं म्हणायचं असेल तर पावती, मेसेज, काहीतरी जोडा. वकालतनाम्यावर सही जेल अधीक्षकामार्फत घ्यावी लागते.

मल्हारगंज: पैशांसाठी थांबू नका, हे कळकळीने सांगतो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. वकील ठरेपर्यंत तो स्वतः जेल अधीक्षकाकडे अपील देऊ शकतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम ४२४, जुन्या दंड प्रक्रिया संहितेत ३८३. शिक्षा स्थगितीचा अर्ज (कलम ४३०) वेगळा असतो. विलंब माफ झाल्याशिवाय त्यावर सहसा काही होत नाही, पण दोन्ही एकदमच लावा, नाहीतर आणखी एक फेरी वाढते.

जुनी_इंदूर: आणि शिक्षा दंडाधिकाऱ्याने दिली असती तर?

पलासिया: तर अपील साधारणपणे सत्र न्यायालयात, मुदत ३० दिवस. तिथे विलंब माफ झाला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात रिव्हिजन (खालच्या कोर्टाचा आदेश तपासून पाहा, असा अर्ज). पण शिक्षा स्थगित नसेल तर आरोपी कोठडीत आहे किंवा शरण आला आहे, असं त्या अर्जात लिहून द्यावं लागतं.